सेकंडहँड रिअर शॉक तुमच्या माउंटन बाइकला बसेल का?

मागच्या शॉकच्या मापात दोन आकडे असतात, उदा. 230×60. पहिला आय-टू-आय, म्हणजे दोन टोकांच्या बोल्टच्या छिद्रांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. दुसरा स्ट्रोक, म्हणजे शॉक जास्तीत जास्त किती दबतो ते. सेकंडहँड घेताना आपण पहिलाच आकडा बघतो आणि तिथेच घोळ होतो.

माझ्या मित्राच्या फ्रेमला 230×60 लागतो, मागच्या चाकाचा ट्रॅव्हल 150 मिमी. त्याला स्वस्तात 230×65 मिळाला. बोल्ट मस्त बसले, पठ्ठ्या खूश! आता गणित बघा. 150 ला 60 ने भागलं की 2.5. शॉक 1 मिमी दबला की चाक सरासरी 2.5 मिमी वर येतं. म्हणजे 5 मिमी जादा स्ट्रोकमुळे चाक साधारण 12.5 मिमी जास्त वर जाणार. तेवढी जागा नसेल तर ड्रॉपवरून उतरताना टायर सीट ट्यूबला घासतो किंवा लिंक फ्रेमवर आदळते. कार्बन फ्रेम असेल तर खर्चाचा अंदाज तुम्हीच करा.

यावर उपाय आहे. रॉकशॉक्स सुपर डिलक्ससारख्या शॉकमध्ये आत 2.5 मिमीचे स्पेसर घालून स्ट्रोक कमी करता येतो. दोन घातले की 65 चा 60 झाला. पण हवा पूर्ण सोडल्याशिवाय एअर कॅन अजिबात उघडू नका. डँपरमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो, त्याला हात लावायचं काम सर्व्हिस सेंटरचं.

आय-टू-आयच वेगळा असेल तर ऑफसेट बुशिंगने दोन-चार मिमीचा फरक निघतो, त्यापुढे नाद सोडा. लांबी कमी झाली की बॉटम ब्रॅकेट खाली येतो, पेडल दगडांवर आपटतात. ट्रनियन शॉकला तर एका टोकाला आयच नसते, बोल्ट दोन्ही बाजूंनी बॉडीत जातात. साध्या माउंटच्या फ्रेममध्ये तो बसवायला जाऊ नका.

बुशिंगची रुंदी व्हर्निअरने मोजा, मोबाइलच्या अ‍ॅपने नाही.

शॉक बसवल्यावर हवा हळूहळू सोडा, सायकल तळापर्यंत दाबा आणि टायर-फ्रेममधली फट बघा. कॉइल शॉक असेल तर स्प्रिंग काढून हेच करा. मित्राच्या सायकलला फट उरलीच नव्हती. आता आत दोन स्पेसर आहेत.