हिराईपासून चिमूरच्या बायांपर्यंत

चंद्रपुरात अचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सर्वांत देखणी राजा बीरशाहची. तिचा घुमट आणि कमानी बघून बाहेरगावचा माणूस सहज विचारतो, हा मकबरा कुणाचा? ही समाधी राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधून घेतली. त्यामुळे ‘राजाने राणीसाठी ताजमहाल बांधला, इथे राणीने राजासाठी’ असे कौतुक हमखास ऐकायला मिळते.

मला ही तुलना जरा आळशीपणाची वाटते. तुलनाच करायची तर दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याशी करावी. तो 16 व्या शतकात त्याच्या विधवेने, हाजी बेगमने उभारला. राजा गेल्यावर बेगम वा राणी त्याच्यावर घुमट चढवते तेव्हा त्यात मोहब्बत असेलही, पण ती सत्तेचीही खूण असते. हे घराणे संपलेले नाही आणि ते चालवणारी मी इथे आहे, हे तिला दरबाराला आणि शेजाऱ्यांना सांगायचे असते.

हिराईला ते सांगण्याची गरज होती. 17 वे शतक सरून 18 वे उजाडत होते, तेव्हाची ही गोष्ट. बीरशाह दुसऱ्या लग्नाला उभा होता आणि त्याच प्रसंगी हिरामण नावाच्या त्याच्याच अंगरक्षकाने त्याला ठार केले, अशी परंपरागत हकीकत आहे. म्हणजे सवत आणायला निघालेला नवरा गेला आणि मागे वारस मुलगा नाही. एक मुलगी होती, ती देवगडच्या गोंड घराण्यात दिलेली. सासरी तिचा अपमान झाला म्हणून बीरशाहने जावयावर स्वारी केली आणि त्याचे शीर महाकालीला वाहिले, असे आजही सांगतात. त्यामुळे त्या बाजूनेही दोस्तीची आशा नव्हती.

अशा वेळी हिराईने नात्यातल्या रामशाहला दत्तक घेतले आणि तो वयात येईपर्यंत कारभार स्वतः पाहिला. महाकालीचे आजचे मंदिर तिच्याच नावावर सांगितले जाते. चैत्रात तिथे यात्रा भरते. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून आणि तेलंगणातूनही माणसे येतात. तिने वाचवलेली गादी पुढे 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतली. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्यही इंग्रजांनी खालसा केले.

हिराईचे कौतुक करणे सोपे आहे. तिने समाधी बांधली, देऊळ बांधले, नवऱ्याचे नाव राखले. कर्तबगार बाईने जे करावे असे आपल्याला वाटते, ते सगळे तिने केले. अडचण होते ती पुढच्या बाईपाशी.

1858 चा मार्च. मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके गोंडांची आणि रोहिल्यांची फौज जमवून राजगड परगण्यावर चालून गेला. (रोहिल्यांचा हा उल्लेख पुतळ्यांसमोरच्या भाषणांतून बहुधा गळतो.) अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोन गोरे मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने मग अहेरीकडे नजर वळवली. अहेरी ही जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी आणि तिची मालकीण होती लक्ष्मीबाई. क्रिक्टनने तिच्यावर दबाव आणला. सप्टेंबरमध्ये तिने बाबुरावला पकडून इंग्रजांच्या हवाली केले. 21 ऑक्टोबर 1858 ला त्याला चांद्याला फाशी झाली. बक्षीस म्हणून जप्त मुलखातली 67 गावे लक्ष्मीबाईला मिळाली.

तिची वकिली मी करणार नाही. तिने घेतलेली किंमत कागदावर आहे. पण एक गोष्ट खटकते. व्यंकटराव निसटून बस्तरला गेला होता. 1860 मध्ये बस्तरच्या राजाने त्यालाही असेच धरून इंग्रजांना दिले. या राजाला गद्दार म्हणून कुणी शिव्या दिल्याचे मी तरी ऐकलेले नाही. फितुरीची गोष्ट निघाली की तोंडी येते ते लक्ष्मीबाईचे नाव. दोघांनीही गादी वाचवली. राजाने केले ते राजकारण ठरले आणि बाईने केले ते घरभेदीपण.

याच प्रकरणात आणखी एक बाई आहे, तिची तर कुणाला आठवणही नाही. व्यंकटरावची आई नागाबाई. खटला चालला तेव्हा तिने मध्ये पडून मुलाची फाशी टाळली. त्याला जन्मठेप झाली, मालमत्ता गेली, पण मान वाचली. तिच्या नावाची एक ओळ सरकारी तवारीखेत उरली आहे. माझ्या लेखी ती ओळ घुमटाहून लहान नाही.

राण्या आणि जमीनदारणी यांची नावे तरी उरली. चिमूरच्या बायांची तेवढीही उरली नाहीत. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी चिमुरात उठाव झाला. पोलिसांनी गोळीबार केला, जमावाने अधिकारी मारले. मग लष्कर आले आणि घराघरात शिरून बायांवर अत्याचार झाले. इज्जतीच्या नावाखाली ओठ शिवून घ्यावे लागतील असा तो काळ. तरीही या बाया बोलल्या. नागपूरहून आलेल्या महिला कार्यकर्त्यांसमोर त्यांनी काय घडले ते सांगितले. सरकार चौकशीला तयार होईना, म्हणून प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. त्या उपोषणाची नोंद इतिहासात आहे, ती असायलाच हवी. पण उपोषणाला आधार होता तो या जबान्यांचा. आष्टी-चिमूरच्या खटल्यातल्या आरोपींची यादी मिळते, बोलणाऱ्या बायांची अशी यादी माझ्या पाहण्यात नाही.

2010 च्या हिवाळ्यात याच चिमूरहून हजारो बाया पायी नागपूरला निघाल्या. मागणी एकच, जिल्ह्यात दारूबंदी करा. विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते. आधी समिती नेमली गेली, मग वर्षे गेली. अखेर 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. 2021 मध्ये अवैध दारू आणि बुडालेला महसूल पुढे करून सरकारने ती उठवली. बंदी यशस्वी की फसली, यावर तेव्हा बराच वाद झाला. त्या वादात चालत गेलेल्या बायांना कुणी फारसे विचारले नाही. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत मात्र 1993 पासूनची बंदी कायम आहे.