पायऱ्या, टाच आणि १८० चा आकडा

ज्यांना एपिसोड ऐकायचा नाही, वाचायचाय, त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलण्याच्या ओघातलं 'अं', 'म्हणजे' वगैरे कापलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय माझ्या डाव्या पायातून आलाय. मागच्या वर्षी हाफ मॅरेथॉनची तयारी करताना मी शहाणपणा केला. आठवड्याला २० किलोमीटर पळत होतो, ते तीन आठवड्यांत ४५ वर नेलं. मग एका सकाळी बेडवरून खाली उतरलो आणि टाचेच्या वरची ती जाड शीर असली आवळली, की बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलो. दहा मिनिटांनी मोकळं वाटलं. म्हटलं, गेलं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग जे सगळे करतात ते केलं. बर्फ, स्प्रे, गोळ्या, दोन आठवडे आराम. दुखणं जायचं, मी पळायचो, दुखणं यायचं. असं तीन वेळा झालं. शेवटी एका फिजिओ मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच हळूहळू खाली सोडायची. दिवसाला १८० वेळा."

"आणि दुखलं तर?"

"थोडं दुखेल. दुखू दे."

मी इंजिनिअर माणूस. कोडमध्ये कुठे 180 असा आकडा दिसला आणि शेजारी कॉमेंट नसली, की मला झोप येत नाही. हा कुणी टाकला? का टाकला? बदलला तर काय फुटेल? म्हणून शोधत गेलो, आणि त्याचा हा एपिसोड झाला.

आधी नावाचं पटकन. अकिलीस हा ग्रीक वीर, त्याच्या आईने त्याला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवलं, म्हणून तेवढीच जागा कच्ची राहिली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. गंमत म्हणजे होमरच्या इलियडमध्ये हा नदीचा प्रसंग नाहीच. तो कितीतरी शतकांनंतर स्टेशियस नावाच्या रोमन कवीकडे सापडतो. (आपल्याकडेही जरा व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायालाच लागतो. पायाचं काय वैर आहे पुराणांशी, देव जाणे.) शरीरशास्त्रात अकिलीसचं नाव या शिरेला दिलं ते फिलिप व्हेर्हायेन या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञाने, १६९३ च्या त्याच्या ग्रंथात. त्याचा स्वतःचा एक पाय कापावा लागला होता. त्याने तोच पाय जपून ठेवून चिरला अशी दंतकथा आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका.

मराठीत टेंडनला कंडरा म्हणतात. स्नायू हाडाला बांधणारी दोरी. पोटरीचे दोन मोठे स्नायू या एकाच दोरीने टाचेला बांधलेत. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. माझं वजन ७० किलो, म्हणजे दर पावलाला सव्वाचारशे-साडेपाचशे किलो. हे कळल्यावर मला त्या दोरीबद्दल आदरच वाटायला लागला.

या दुखण्याला १८९३ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड आल्बर्ट या सर्जनने 'अकिलोडिनिया' म्हटलं. म्हणजे फक्त 'अकिलीसचं दुखणं'. प्रामाणिक नाव होतं. पुढे मात्र 'टेंडिनायटिस' हा शब्द रुळला आणि सगळा घोळ तिथे झाला. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. एकदा दाह म्हटलं की उपचार आपोआप ठरतात : बर्फ, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, आराम. मी जे तीन वेळा केलं तेच. १९७६ मध्ये इटलीच्या पुड्डू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं, की कंडरेच्या आत दाह नसून झीज दिसते, तिला 'टेंडिनोसिस' म्हणा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आता कॅनडातल्या हॅलिफॅक्सला जाऊ. तिथे १९८० च्या दशकात सर्जन विल्यम स्टॅनिश आणि फिजिओथेरपिस्ट सँड्रा कर्विन यांनी आराम सोडून उलट दिशा धरली. दुखऱ्या कंडरेला व्यायाम द्यायचा, तोही 'एक्सेन्ट्रिक'. म्हणजे स्नायू लांब होत असताना जोर लावायचा. विहिरीत भरलेली बादली परत खाली सोडताना आपण दोर एकदम सोडत नाही ना, धरून धरून सोडतो. तसं. पण ते दुखण्याबाबत सावध होते. शेवटी शेवटी थोडं जाणवलं तर चालेल, जास्त दुखलं तर भार कमी करा.

आणि मग येतो माझा आवडता माणूस. हॉकन अल्फ्रेडसन. उत्तर स्वीडनमधल्या उमिओ शहरातला ऑर्थोपेडिक सर्जन, आणि स्वतः पळणारा. १९९० च्या दशकात त्याचीच अकिलीस दुखायला लागली. आराम करून झाला, फरक नाही. तो आपल्या वरिष्ठांकडे गेला आणि म्हणाला, माझं ऑपरेशन करा. वरिष्ठ नाही म्हणाले. ऑपरेशन केलं तर तू कितीतरी आठवडे रजेवर जाणार, ते आम्हाला परवडणार नाही.

हा भडकला. त्याने ठरवलं, मग मी ही शीर तोडूनच दाखवतो. तुटली की ऑपरेशन करावंच लागेल! तो रोज टाच खाली सोडण्याचा व्यायाम करायला लागला, मुद्दाम दुखेपर्यंत, भार वाढवत वाढवत. शीर तुटली नाही. काही आठवड्यांनी दुखणंच गेलं.

हा किस्सा त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलाय. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. तो 'मी बरा झालो, तुम्हीही व्हाल' म्हणत फिरला नाही. हौशी धावपटूंपैकी १५ जण घेतले, सरासरी वय ४४ च्या आसपास, नेहमीचे सगळे उपचार करून थकलेले. व्यायाम दोन : एक गुडघा सरळ ठेवून, एक गुडघा वाकवून, म्हणजे पोटरीचे दोन्ही स्नायू कामाला लागतात. प्रत्येकी १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. सोपं झालं की पाठीवर बॅग घेऊन तिच्यात वजन टाकायचं. १९९८ मध्ये निकाल छापून आला. पंधराच्या पंधरा जण पूर्वीसारखे पळायला लागले. तुलनेसाठीचे दुसरे १५ जण नेहमीच्या उपचारांवर होते, त्या सगळ्यांचं ऑपरेशन करावं लागलं.

४५ गुणिले दोन गुणिले दोन. हा आला १८०. बारा आठवड्यांत १५,१२०, आणि तेही एका पायाचे.

आता माझ्यातला रिव्ह्यूअर जागा होतो. १५ जण म्हणजे किती कमी! गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. तरी हा आकडा जगभर कॉपी-पेस्ट झाला, आणि वीसेक वर्षांनी माझ्या सोसायटीच्या जिन्यावर पोचला.

सुदैवाने काही लोकांनी तो बदलून पाहिला. २००७ मध्ये गोथेनबर्गच्या कारिन सिल्बरनागेल यांनी दाखवलं, की दुखणं दहापैकी पाचच्या आत ठेवलं तर व्यायामासोबत पळणं चालू ठेवूनही माणूस तितकाच बरा होतो. २०१४ मधल्या एका छोट्या अभ्यासात अर्ध्या लोकांना १८० सांगितले, उरलेल्यांना 'झेपेल तेवढे करा' म्हटलं. सहा आठवड्यांनी दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. २०१५ मध्ये कोपनहेगनमध्ये जड वजनाने, सावकाश, आठवड्यातून फक्त तीन दिवस व्यायाम दिला. निकाल अल्फ्रेडसनच्या तोडीस तोड.

आणि हा व्यायाम सगळ्यांना लागू पडतो असंही नाही. शीर जिथे थेट टाचेच्या हाडाला चिकटते तिथे दुखत असेल, तर पायरीखाली टाच सोडल्याने यश फार कमी येतं. हे उमिओच्याच गटाने २००३ मध्ये सांगितलं, आणि २००८ मध्ये अशांसाठी जमिनीपर्यंतच टाच आणायचा प्रकार काढला, तो बराच बरा ठरला. बैठं काम करणाऱ्या, न पळणाऱ्या लोकांवरच्या २००७ च्या एका अभ्यासात तर ४४ टक्के लोकांना गुणच आला नाही. आपल्यापैकी बरेच जण दिवसाला नऊ तास खुर्चीत असतात, म्हणून हे सांगतोय.

मग आरामाने का नाही भागत? याचं मला सापडलेलं सगळ्यात भारी उत्तर अणुबॉम्बमधून येतं. खरंच. १९५५ ते १९६३ मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि तो त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात गेला. २०१३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञांनी अकिलीस कंडरेतला हा कार्बन मोजला. निघालं असं, की कंडरेचा गाभा साधारण पहिल्या १७ वर्षांत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ नवा होत नाही. म्हणजे मी सोफ्यावर पडून 'आत दुरुस्ती चाललीय' म्हणत होतो, तेव्हा आत कुणी कामावर आलंच नव्हतं! उलट आरामाने पोटरी कमजोर होत होती, आणि परत पळालो की तोच ताण आणखी कमी तयारीच्या पायावर येत होता.

मी मॅडमना हे सगळं दाखवलं. थोडा वादच घातला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला माहितीये. पण तुला 'झेपेल तेवढं कर' सांगितलं असतं तर तू किती केले असतेस?"

खरं सांगतो, वीस.

आता आम्ही आठवड्याला तीन दिवस, जड वजन, यावर तडजोड केलीय. एक मात्र लक्षात ठेवा, पोटरीत मागून कुणी लाथ मारल्यासारखं झालं, 'फट्' आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटलेली असू शकते. तेव्हा जिना नाही, सरळ डॉक्टर.

सध्या नववा आठवडा चालू आहे. बॅगेत तूरडाळीची पाकिटं आणि जुना लॅपटॉप घालून मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर वरखाली होत असतो. समोरच्या काकूंनी परवा विचारलंच, "अरे, कुठे गावाला निघालास का?" सकाळचं आवळणं अजून आहे, पण बाथरूमपर्यंत भिंत लागत नाही. रविवारी पाच किलोमीटर पळालो. दुखणं दहापैकी तीन.