नैराश्य आणि द्विध्रुवी भावविकार

भावावस्थेचे दोन आजार. नैराश्याला बोलण्यात सर्रास डिप्रेशन म्हणतात. जुन्या लिखाणात विषाद, अवसाद ही नावेही आढळतात. द्विध्रुवी विकार म्हणजे बायपोलर, पूर्वीची उन्माद-अवसाद विकृती. नैराश्यात मन खाली जाते आणि आजार ओसरला की मूळ पातळीवर येते. द्विध्रुवी विकारात ते कधी खाली जाते, तर कधी प्रमाणाबाहेर वर चढते. गोंधळ होतो तो खालच्या टप्प्यात. त्या वेळी दोन्ही आजारांचे रुग्ण सारखेच दिसतात आणि झोपेच्या, भुकेच्या, थकव्याच्या तक्रारीही सारख्याच सांगतात. फरक शोधायचा तर मागच्या पाच-दहा वर्षांच्या हकिकतीत शिरावे लागते, आणि ती हकिकत पुष्कळदा रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांना नीट ठाऊक असते.

लक्षणे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानसूचीत नैराश्याची नऊ लक्षणे दिली आहेत : उदास मन, कशातच गोडी न वाटणे, झोप बिघडणे, भूक किंवा वजन बदलणे, थकवा, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, अपराधीपणा, लक्ष न लागणे आणि मरणाचे विचार. यांतली पाच, पहिल्या दोहोंपैकी एक धरून, किमान दोन आठवडे टिकली तर नैराश्य मानतात. रुग्ण मात्र अशी यादी घेऊन येत नाही. डोके जड होते, अंग मोडून येते, छातीत धडधडते, पित्त उसळते, असे सांगत तो आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो. तिथे हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड तपासले जाते. हा खर्च वाया जात नाही, कारण थायरॉइड मंदावल्यावरही चित्र असेच दिसते.

उन्मादाची खूण झोपेत सापडते. माणूस तीन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. निद्रानाशाचा रुग्ण झोप येत नाही म्हणून रडकुंडीला येतो, उन्मादाच्या रुग्णाला झोपेची गरजच वाटत नाही. जोडीला बोलण्याचा धबधबा, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या, आपल्याला काहीही जमेल असा भरवसा, पैशाची उधळपट्टी आणि कुणी अडवले की संताप. हे आठवडाभर चालले किंवा इस्पितळात दाखल करावे लागले तर तो उन्माद. चार दिवस चालले, पण काम-संसार मोडून पडला नाही तर सौम्य उन्माद. एकदा जरी पूर्ण उन्माद झाला तरी पहिल्या प्रकारचा द्विध्रुवी विकार ठरतो, मग आयुष्यात नैराश्य आलेले नसले तरी. सौम्य उन्माद आणि नैराश्य यांची जोडी म्हणजे दुसरा प्रकार, आणि चुकते ते बहुधा इथेच. दोन्ही अवस्थांची लक्षणे एकाच वेळी दिसणारा मिश्र टप्पाही असतो. तो अधिक धोक्याचा.

सकाळी भांडण आणि संध्याकाळी हसू, याला बायपोलर म्हणण्याची पद्धत कॉलेजांतून रुजली आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. टप्पे तासांचे नसून दिवसांचे, आठवड्यांचे, महिन्यांचे असतात.

भेद कसा ओळखतात. नैराश्यात आलेला रुग्ण आपल्या चढत्या काळाची तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी तो चांगला काळ होता. डॉक्टरने “पूर्वी कधी असा त्रास झाला होता का?” असे विचारले तर उत्तर नाही असेच येते, आणि ते त्याच्या दृष्टीने खरेही असते. प्रश्न वेगळा विचारावा लागतो : कमी झोपूनही थकवा आला नाही, घरच्यांनी ‘तू हल्ली फार बोलतोस’ म्हटले, असे काही दिवस कधी होते का? त्यावर सोबत आलेली बायको किंवा आई बोलू लागते. दोन वर्षांपूर्वी गणपतीत यांनी सोसायटीच्या मंडळाची सगळी कामे अंगावर घेतली होती, रात्र-रात्र जागायचे, पहाटे चारला लोकांना फोन करायचे. त्याच महिन्यात हप्त्यांवर दोन मोबाइल आणि मोटरसायकल घेतली, साहेबांना तोंडावर बोलून नोकरी सोडली, आणि दिवाळीनंतर जे अंथरुणाला खिळले ते उठेनात. मुंबईच्या उपनगरांतल्या दवाखान्यांत ऐकू येणाऱ्या हकिकतींचा हा साचा आहे. रुग्ण कामावरून परस्पर एकटा आला असेल, तर केसपेपरवर ‘नैराश्य’ एवढेच लिहिले जाते.

संशय घेण्याजोग्या आणखी काही खुणा : पहिला टप्पा पंचविशीच्या आत येणे, आईवडील किंवा भावंडांत हा आजार असणे, बाळंतपणानंतर लगेच बिघाड होणे, नैराश्यात उलट जास्त झोप व जास्त भूक, भास किंवा भ्रम, दोन-तीन नैराश्यरोधके वाया जाणे, आणि एखाद्या गोळीने चार दिवसांत माणूस नको इतका ‘बरा’ होणे. यांपैकी एकीनेही निदान पक्के होत नाही. अमेरिकेतील रुग्ण संघटनेने २००० साली द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा ६९ टक्के लोकांना आधी चुकीचे निदान मिळाल्याचे दिसले. सर्वांत जास्त वेळा मिळालेले चुकीचे निदान नैराश्याचे होते, आणि तिघांतल्या एकाहून अधिकांना खरे नाव कळायला दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ गेला होता.

नैराश्य स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते. पहिल्या प्रकारचा द्विध्रुवी विकार दोघांत जवळपास सारखा. भारतात उन्मादाचे टप्पे पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक दिसतात, असे इथल्या अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आणि त्यात उशिरा इस्पितळात येण्याचा वाटा किती, यावर एकमत नाही.

इतिहास. १८५४ साली पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्जे या दोघांनी वेगवेगळे राहून चक्राकार वेडाचे वर्णन केले, आणि श्रेयावरून वादही घातला. जर्मनीच्या एमिल क्रेपेलिनने १८९९ मध्ये नैराश्य आणि उन्माद एकाच मोठ्या आजारात घातले. ते पुन्हा वेगळे करण्याचे काम कार्ल लेओनहार्ड (१९५७) आणि नंतर युल्स आंग्स्ट व कार्लो पेरिस (१९६६) यांनी घराण्यांचा अभ्यास करून केले. बायपोलर हे नाव १९८० च्या डीएसएम-३ ने रूढ केले.

या इतिहासात मुंबईचा एक धागा आहे, आणि तो ठळकपणे नोंदवायला हवा. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उपयोग रक्तदाब आणि वेड या दोन्हींत होतो असे लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले, आणि मग जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. वकील यांना १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी येऊ लागल्या. रेसर्पिनने मेंदूतले सेरोटोनिन रिते होते हे १९५५ मध्ये अमेरिकेत दिसले, आणि या दोन गोष्टी जोडून मेंदूतील काही रसायने कमी पडल्याने नैराश्य येते हा सिद्धांत उभा राहिला. आजही दवाखान्यात ‘केमिकल इम्बॅलन्स’ म्हणून जे समजावले जाते त्याचे मूळ इथे आहे. सिद्धांत मात्र तितका भक्कम ठरला नाही. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९५५ मध्येच रेसर्पिनने चिंताग्रस्त, उदास रुग्णांना बरे वाटल्याचे दिसले होते, आणि रेसर्पिनने खरेच नैराश्य येते का यावर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली. सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य, हे समीकरण आता फार ढोबळ मानले जाते. त्या सिद्धांताच्या छायेत वाढलेल्या गोळ्या मात्र अनेकांना उपयोगी पडतात, हेही तितकेच खरे.

१९४९ हे वर्ष दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांवर लिथियम वापरून पाहिल्याचे निष्कर्ष त्याच वर्षी छापले. डेन्मार्कच्या मोगेन्स शाउ यांनी त्याच्या रीतसर चाचणीचे निष्कर्ष १९५४ मध्ये छापले. क्षार असल्याने त्यावर एकस्वाचा नफा नव्हता. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडले.

उपचार. निदानातला फरक महत्त्वाचा तो यासाठी. नैराश्यात फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम यांसारखी नैराश्यरोधके देतात. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही काही महिने गोळी चालू ठेवायची असते. द्विध्रुवी विकारात हीच गोळी एकटी दिली तर काही जणांत उन्माद पेटतो. तिथे पाया मूडस्थिरकाचा : लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असल्याने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना शक्यतो देत नाहीत.

लिथियम स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण त्याच्याशी बेफिकिरी चालत नाही. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर लागते, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे सुरू होतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी असलीच तर ती रक्त दिल्यानंतर. घाईत गोळी घेऊन गेलेल्या माणसाचा रिपोर्ट फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. ऑक्टोबरचा उकाडा, जुलाब-उलट्या, पाणी न पिता केलेला उपवास यांनी शरीरातले पाणी घटले की पातळी चढते. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनेही चढते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे दिसताच डॉक्टरकडे जायचे. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. लिथियमने आत्महत्येचा धोका घटतो असे बहुतेक अभ्यास सांगतात, मात्र अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका मोठ्या चाचणीत हा फायदा दिसला नाही.

विद्युतउपचार, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘शॉक’, १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाला. तीव्र नैराश्यात तो आजही प्रभावी आहे. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता तो देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे.

समुपदेशन व वर्तनोपचार : सौम्य व मध्यम नैराश्यात गोळीच्या तोडीचे. गोव्यात संगत संस्थेने गावातल्याच माणसांना शिकवून सहा ते आठ बैठकांचा वर्तनोपचार दिला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्याने ६४ टक्के रुग्ण सावरलेले दिसले, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के.

योग : मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे एन. एस. वाहिया यांनी १९६०-७० च्या दशकांत पातंजल योगावर आधारित उपचारपद्धती तपासली.

मुंबई उपनगरे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. देशासाठी निघालेले आकडे, म्हणजे पाहणीच्या वेळी नैराश्य २.७ टक्के आणि द्विध्रुवी विकार ०.३ टक्के, इथे अंदाजापुरतेच घ्यावेत. नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के आणि द्विध्रुवी विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे त्यात आढळले. उपनगरांतले सखोल काम मालाडच्या मालवणीतले आहे. तिथे केईएमचे नागरी आरोग्य केंद्र आहे, आणि शुभांगी पारकर व सहकाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांकडून मानसिक त्रासाची त्यांनीच लावलेली कारणे नोंदवून २००३ पासून प्रसिद्ध केली : नवऱ्याची दारू, मारहाण, बेकारी, वस्तीतली घाण आणि दाटी.

द्विध्रुवी विकाराच्या दृष्टीने उपनगरांतली सर्वांत मोठी अडचण झोपेची आहे. अंधेरीचे सीप्झ, मालाडचे माइंडस्पेस इथल्या रात्रपाळ्या, बोरिवली-घाटकोपरचा नवरात्रीतला गरबा, पहाटेची लोकल. झोप मोडणे हे उन्मादाचे सिद्ध झालेले निमित्त आहे. पाळी बदलून मिळावी यासाठी डॉक्टरची चिठ्ठी गोळीइतकीच कामाची ठरते. कालनिर्णयच्या ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिला जातो तिथेच रोज झोपेचे तास टिपले, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरला आजाराचा आलेख मिळतो.

उपनगरांना स्वतंत्र सरकारी मनोरुग्णालय नाही. दीर्घ भरतीसाठी १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पश्चिमेकडे महापालिकेच्या कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मुलुंडकरांना आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही संस्था अधिक जवळची.

कला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या नैराश्यावरील चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्याच्या निर्मात्यांपैकी मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. द्विध्रुवी विकार असलेल्या आईवरची, माहीमच्या लहानशा घरात घडणारी जेरी पिंटो यांची इंग्रजी कादंबरी ‘एम अँड द बिग हूम’ शांता गोखले यांनी मराठीत आणली आहे.

कायदा व मदत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे तो गृहीत धरतो, आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच वागवावे असे सांगतो. मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, मराठीतूनही, उपलब्ध आहे.