आठवडा कोठून मोजावा?

जर्मन भाषेत बुधवारला 'मिटवॉख' म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे : सप्ताहाचा मध्य. परंतु आजच्या जर्मन दिनदर्शिकेत सप्ताह सोमवारी सुरू होतो आणि सोमवारपासून मोजले तर मध्य गुरुवारी येतो. बुधवार मध्यावर यावा यासाठी रविवार पहिला असावा लागतो. पश्चिम जर्मनीने सोमवारला अधिकृतपणे पहिले स्थान दिले ते १९७६ साली. पुढे १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानेही तेच केले. नाव मात्र जुन्याच मोजणीची साक्ष देत राहिले. सप्ताहाचा पहिला दिवस कोणता, या प्रश्नाचे उत्तर दिनदर्शिकेत शोधण्यापेक्षा वारांच्या नावांत शोधणे अधिक फलदायी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोजदाद करणारी नावे या बाबतीत विशेष बोलकी आहेत. ग्रीक भाषेत सोमवार 'देफ्तेरा', म्हणजे दुसरा. पोर्तुगीजमध्येही तो 'सेगुंदा-फेइरा', दुसराच. वारांना ग्रहदेवतांची नावे देणे म्हणजे मूर्तिपूजकांचे अनुकरण, अशी टीका सहाव्या शतकात ब्रागाचा बिशप मार्टिन याने केली होती आणि पोर्तुगीजांच्या या अंकवाचक नावांचे श्रेय परंपरेने त्यालाच दिले जाते. हिब्रू व अरबी या भाषांतही रविवार हाच पहिला दिवस. रशियन भाषेत मात्र मंगळवार 'व्तोरनिक' (दुसरा) आणि शुक्रवार 'प्यात्नित्सा' (पाचवा). म्हणजे मोजणी सोमवारपासून. तरीही बुधवार 'स्रेदा', मधला! एकाच सप्ताहात दोन हिशेब सुखाने नांदत आहेत.

याहून मौज स्वाहिली भाषेत आहे. तेथे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजानंतरचा दिवस पहिला. म्हणून शनिवार 'जुमामोसी', रविवार 'जुमापिली', असे करत बुधवार 'जुमातानो', म्हणजे पाचवा. त्याच्या पाठोपाठ येणारा गुरुवार 'अल्हमिसि'. हे नाव अरबीतून जसेच्या तसे आले आणि त्याचाही अर्थ पाचवाच. लागोपाठ दोन दिवस 'पाचवे' असूनही पूर्व आफ्रिकेत कोणाचा व्यवहार अडल्याचे ऐकिवात नाही.

आपली नावे ग्रहांची, त्यामुळे ती क्रमांक सांगत नाहीत. पण त्यांच्या क्रमामागे गणित आहे. पृथ्वीपासून दूर ते जवळ अशी प्राचीनांची ग्रहमाला होती : शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा या क्रमाने ग्रहांना वाटल्या की पहिल्या होरेचा स्वामी तोच त्या दिवसाचा स्वामी. चोवीसला सातने भागले की तीन उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा चौथ्या ग्रहाकडे जाते. शनीनंतर सूर्य, सूर्यानंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. या गणिताची स्वाभाविक सुरुवात शनिवारी होते, आणि पाँपेई येथील भिंतीवर कोरलेल्या वारांच्या यादीतही शनीच पहिला आहे.

हे गणित आपल्याकडे केव्हा आले? वेदांत आणि वेदांगज्योतिषात तिथी-नक्षत्रे आहेत, वार नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' (१८९६) या ग्रंथात वारांच्या उगमाची सविस्तर चर्चा आहे. कोरीव लेखांत वाराचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, गुप्त संवत १६५ (इ.स. ४८४) मध्ये आढळतो, तो वार गुरुवार आहे. 'आमचे वार अनादि' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा लेख एकदा विचारात घ्यावा. पंचांगाच्या पाच अंगांतील हे अंग उशिरा आलेले आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याजोगे काही नाही.

आरंभाच्या बाबतीत भारतीय ज्योतिषी पुरेसे मोकळे होते. सूर्यसिद्धांतात सृष्ट्यादीपासूनच्या अहर्गणाला सातने भागून बाकी सूर्यापासून, म्हणजे रविवारपासून, मोजतात. परंतु कलियुगारंभापासून अहर्गण घेतला तर मोजणी शुक्रवारपासून करावी लागते. कारण कलीच्या पहिल्या दिवशी शुक्रवार होता असे गणित सांगते. आरंभ वारावर नव्हे, युगावर अवलंबून!

सोमवारचे आजचे माहात्म्य यंत्रयुगाचे आहे. ज्यू परंपरेत विश्रांतीचा दिवस सातवा. ख्रिस्ती धर्माने उपासनेसाठी पहिला दिवस घेतला आणि ३२१ साली कॉन्स्टंटाइनने रविवारला राजमान्यता दिली. कारखान्यांचा काळ आल्यावर हाच पहिला दिवस श्रमानंतरचा, म्हणजे शेवटचा झाला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्या संदर्भात सांगितला जातो. कामगाराच्या लेखी सप्ताह सोमवारच्या भोंग्यानेच सुरू होत असणार. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत मात्र रविवार अजून पहिलाच आहे.

गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत राहिली. कचेरीच्या कागदांवर 'दुसरा', 'तिसरा', 'चौथा' असे वार लिहिले जात असताना कोंकणी बोलणारा आयतार, सोमार, भिरेस्तार हीच नावे घेत राहिला. भिरेस्तार म्हणजे बृहस्पतीचा वार. आपल्या खेड्यांतला बेस्तरवार त्याचाच सख्खा भाऊ.

राहिला खुद्द 'आठवडा'. दिवस सात आणि नावात आठ, कारण पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस मोजण्याची जुनी रीत. रोमन लोकही आठ दिवसांनी भरणाऱ्या बाजाराला याच रीतीने नवाचे नाव देत. आठवडी बाजार मंगळवारी भरत असेल तर या मंगळवारपासून त्या मंगळवारपर्यंत आठ होतात, शुक्रवारी भरत असेल तर शुक्रवारपासून.