हाडांच्या भांड्यात आपला पास्ता



सुनेने घरी इलेक्ट्रिक कुकर आणला. कुतूहल म्हणून कुकरचा इतिहास वाचला आणि दचकलेच. १६७९ मध्ये डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये घट्ट झाकणाचे भांडे दाखवले, ते चक्क हाडे मऊ करण्यासाठी! १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यांना त्यातले जेवणही दिले. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजनाची झडप बसवली. आपली शिट्टी तिचीच वंशज.

तत्त्व सोपे. वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळते आणि अन्न लवकर शिजते. १९५९ मध्ये प्रेस्टिज आणि हॉकिन्स आपल्याकडे आले, तेव्हा चुलीपुढचे कितीतरी तास वाचले. २०१० मध्ये कॅनडातून 'इन्स्टंट पॉट' आला. वेळ आणि दाब तो स्वतःच सांभाळतो.

पास्त्याचा मात्र फेस होतो आणि झडप तुंबू शकते. म्हणून भांडे अर्ध्यावर भरू नये. पास्ता जेमतेम बुडेल इतके पाणी, चमचाभर तेल, आणि पाकिटावरच्या वेळेच्या निम्मा वेळ. पाकिटावर अंडे नाही ना, तेही पाहावे.

हाडांचे भांडे आपल्या स्वयंपाकघरात का, असे क्षणभर वाटले. पण आमच्या भांड्यात तर टोमॅटो आणि सिमला मिरचीच शिजते. नातू क्लासहून उशिरा येतो, तरी सूर्यास्ताआधी त्याचे ताट वाढून होते. पूर्वी आठवड्यातून दोनदा तरी चुकायचे.