वळण, चाक आणि नजर

माणूस गाडी बरी चालवतो की वाईट, हे मोजायचे प्रयत्न शंभर वर्षांहून जुने आहेत. १९१२च्या सुमारास हार्वर्डच्या ह्युगो म्यूनस्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी ट्राम ड्रायव्हरांसाठी एक यंत्र केलं. खिडकीखालून कार्ड सरकायचं. मधल्या दोन रेघा म्हणजे रूळ, आजूबाजूचे आकडे म्हणजे पादचारी, घोडे, मोटारी. लाल आकडा रुळांकडे येणारा, काळा समांतर जाणारा. धोका कुठे, ते झटपट सांगायचं. गंमत बघा, यात ट्रामचं चित्रसुद्धा नव्हतं, तरी ड्रायव्हरांना ते आपल्या कामासारखंच वाटलं म्हणे!

पण ट्रामला रूळ असतात. घाटात चाक आपणच वळवायचं. १९७८ साली एडमंड डोंगेस या जर्मन संशोधकाने सिम्युलेटरच्या आधारे त्याचे दोन भाग दाखवले: पुढचं वळण पाहून आधीच चाक फिरवणं, आणि गाडी सरकली की सावरणं.

मला सगळ्यात आवडला तो पुढचा प्रयोग. १९९४ साली मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी एडिंबरोच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ड्रायव्हरांची नजर टिपली. वळणाच्या एक-दोन सेकंद आधीच ती आतल्या कडेवर जाऊन बसते. मग १९९५ साली लँड आणि हॉरवुड यांनी सिम्युलेटरवर रस्ता झाकला आणि त्याची एकेक अंशाची पट्टीच दाखवली. खऱ्या रस्त्यावर असं कोण करू देईल? फक्त लांबची पट्टी दिसली तर चाक सफाईने फिरे, पण गाडी रस्त्यात नीट राहीना. फक्त जवळची दिसली तर गाडी जागेवर, पण चाकाला हिसके. दोन्ही दिसल्या की काम फत्ते. म्हणजे चालवणाऱ्याचा कस हाताइतकाच नजरेत!

अर्थात पडद्यावर दरी नसते, पोटात गोळा येत नाही. काहींना तिथे चक्क मळमळतं. १९८५ साली डायमलर-बेंझने बर्लिनमध्ये आख्खी गाडी मावेल असा हलणारा घुमट उभारला, तरी समोरून येणाऱ्या एसटीची धास्ती त्यात कुठून आणणार?

असो. हे सगळं वाचण्याचं कारण आमचे चिरंजीव. "बाबा, पंचाहत्तरी झाली, आता आंबा घाटात गाडी नको." वय हा एकच आकडा त्यांच्याकडे आहे. मी म्हटलं, सिम्युलेटरवर बसव, चाकाचे हिसके मोज, मग बोलू. सध्या ते असं यंत्र शोधताहेत, आणि किल्ली माझ्याकडे आहे.