कैसराचा हात कुठवर? लॉर्ड ॲक्टन यांचे आयुष्य आणि आपला प्रश्न



सरकारने थोडीच कामे अंगावर घ्यावीत, कर कमी घ्यावेत, माणसाच्या धंद्यात, घरात आणि धर्मात नाक खुपसू नये, असे मानणारा एक राजकीय विचार आहे. इंग्रजीत त्याला लिबर्टेरियन म्हणतात, मराठीत स्वातंत्र्यवादी. शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतमालावरची सरकारी बंधने उठवा असे सांगत, तेव्हा तो मराठीतूनही ऐकू येत होता. आता आपले तरुण विचारतात, की ख्रिस्ती माणसाला हा विचार चालतो का? ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ असे सांगणारा प्रभू आणि ‘मला माझ्या वाटेने जाऊ द्या’ असे म्हणणारे राजकारण यांचे जमते का?

पवित्र शास्त्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात इस्राएल लोक राजा मागतात. तेव्हा शमुवेल त्यांना बजावतो, की हा राजा तुमचे मुलगे रथांसाठी नेईल, मुली स्वयंपाकासाठी नेईल, चांगली शेते आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा आणि कळपांचा दहावा भाग घेईल. दुसरीकडे संत पौल रोमकरांना लिहितात, की अधिकारी आपल्या हितासाठी देवाचे सेवक आहेत, म्हणून कर द्या. आणि प्रभू येशू नाणे हातात घेऊन विचारतो, यावर मुद्रा कोणाची? नाण्यावर कैसराची मुद्रा आहे, म्हणून ते कैसराचे. माणसावर मात्र देवाची प्रतिमा आहे. मग कैसराचा हात माणसावर कुठवर चालावा?

या प्रश्नापायी सारे आयुष्य घालवणारा एक कॅथलिक इतिहासकार होऊन गेला, त्यांचे नाव लॉर्ड ॲक्टन. त्यांचे बरोबर काय होते आणि कुठे ते घसरले, हे पाहिले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते.

ॲक्टन १८३४ साली इटलीत नेपल्स येथे जन्मले. वडील इंग्रज, आई जर्मन सरदार घराण्यातली. शिकायला केंब्रिजला जावे अशी त्यांची इच्छा होती, पण ते कॅथलिक म्हणून तिथल्या कॉलेजांनी प्रवेश नाकारला. मग ते जर्मनीत म्युनिकला गेले आणि डॉलिंगर नावाच्या विद्वान धर्मगुरूंच्या हाताखाली इतिहास शिकले. आपल्या श्रद्धेमुळे दार बंद होणे म्हणजे काय, हे त्यांना कोवळ्या वयातच कळले.

पुढे त्यांनी कॅथलिक वाचकांसाठी नियतकालिक चालवले. इतिहासात जे घडले ते जसेच्या तसे लिहावे, त्याने श्रद्धेला धक्का लागत नाही, असे त्यांचे मत होते. पोप पायस नववे यांनी १८६३च्या अखेरीस म्युनिकच्या आर्चबिशपना पत्र लिहून कॅथलिक विद्वानांना आखून दिलेली मर्यादा ॲक्टन यांच्या या मताशी जुळणारी नव्हती. तेव्हा १८६४ साली त्यांनी आपले नियतकालिक स्वतःच बंद केले. रोमशी उघड भांडण मांडायचे नाही आणि मनाला पटत नाही ते छापायचेही नाही, यातून त्यांनी काढलेली ही वाट होती.

खरी कसोटी लागली १८७० साली. श्रद्धा आणि नीती यांविषयी पोपमहोदयांनी पीठावरून दिलेला निर्णय चुकू शकत नाही, हा सिद्धांत व्हॅटिकनच्या महासभेने १८ जुलै १८७० रोजी जाहीर केला. आपण तो श्रद्धेने मानतो. ॲक्टन मात्र त्या वेळी रोममध्ये राहून विरोधी बिशपांना साहाय्य करत होते. पुढच्या वर्षी त्यांच्या गुरूंना, डॉलिंगर यांना, बहिष्कृत करण्यात आले. १८७४ साली आर्चबिशप मॅनिंग यांनी ॲक्टन यांच्याकडेही खुलासा मागितला. ॲक्टन गुरूंच्या मागे बाहेर गेले नाहीत. ख्रिस्तसभेशी असलेले ऐक्य आपल्याला जिवापेक्षा प्रिय आहे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले आणि मरेपर्यंत ते मिस्सेला जाणारे कॅथलिकच राहिले.

१८७७ साली त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिजनॉर्थ या गावी दोन व्याख्याने दिली. एक प्राचीन काळातल्या स्वातंत्र्यावर, दुसरे ख्रिस्ती युगातल्या स्वातंत्र्यावर. त्यात त्यांनी सांगितले, की कैसराच्या नाण्याविषयी प्रभूने उत्तर दिले तेव्हा राजसत्तेला पूर्वी कधी नव्हते असे पावित्र्य मिळाले, आणि पूर्वी कधी मानली नव्हती अशी मर्यादाही पडली. स्वातंत्र्य म्हणजे काय, याचाही अर्थ त्यांनी सांगितला. माणसाला जे आपले कर्तव्य वाटते ते करताना अधिकारी, बहुसंख्य लोक, रूढी आणि लोकमत यांच्यापासून त्याला संरक्षण मिळावे, हे त्यांच्या मते स्वातंत्र्य. देश खरोखर स्वतंत्र आहे की नाही, हे तिथले अल्पसंख्य किती सुरक्षित आहेत यावरून ओळखावे, असेही ते म्हणाले.

हा अर्थ नीट ऐका. मनाला येईल ते करणे याला ॲक्टन स्वातंत्र्य म्हणत नाहीत. त्यांच्या व्याख्येच्या मध्यभागी कर्तव्य आहे, सद्सद्विवेकबुद्धी आहे. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. आपल्यासारख्या छोट्या समाजाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. आणि सत्ता फक्त सरकारची नसते. रूढी हीसुद्धा सत्ता आहे, ‘लोक काय म्हणतील’ हीसुद्धा सत्ता आहे.

सत्ता माणसाला बिघडवते, हे ॲक्टन यांचे वचन पुष्कळांना तोंडपाठ असते. ते कुठे लिहिले गेले हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. १८८७ साली क्रेटन नावाच्या अँग्लिकन धर्मगुरू-इतिहासकारांना लिहिलेल्या पत्रात ते आहे. क्रेटन यांनी पोपांचा इतिहास लिहिला होता आणि त्यात जुन्या पोपांना सांभाळून घेतले होते. ॲक्टन कॅथलिक असून कळवतात, की पोप असो वा राजा, त्यांना सामान्य माणसापेक्षा सौम्य माप लावू नका. इन्क्विझिशनच्या छळाला त्यांनी कधीच क्षमा केली नाही. आपल्या गोव्यातही १५६०पासून १८१२पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायपीठ चालू होते. सत्तेला मर्यादा हवी म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाने ती आपल्या घरापासून मोजावी, हे ॲक्टन यांनी करून दाखवले.

पण हेच ॲक्टन एका ठिकाणी घसरले. अमेरिकेत १८६१पासून १८६५पर्यंत यादवी युद्ध झाले. दक्षिणेतली राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघातून फुटली होती. ॲक्टन यांचा ओढा दक्षिणेकडे होता. केंद्राच्या अनिर्बंध सत्तेला राज्यांचे अधिकार हाच एक लगाम आहे, असे त्यांना वाटे. दक्षिण हरल्यावर १८६६ साली त्यांनी सेनापती रॉबर्ट ली यांना पत्र लिहून आपले दुःख कळवले.

१८६०च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांना वॉशिंग्टनचे सरकार कुठे रोज भेटत होते? त्यांचा कैसर त्यांच्या मळ्यातच राहत होता. बायकोपासून नवऱ्याला, आईपासून लेकराला तोडून विकण्याची सत्ता मालकाच्या हातात होती. सरकारच्या सत्तेवर इतकी बारीक नजर ठेवणाऱ्या ॲक्टन यांना मालकाची सत्ता तेवढी मोठी दिसली नाही. स्वातंत्र्यवादी विचाराचा धोका ख्रिस्ती माणसाला इथेच आहे. राजाला अडवायच्या नादात, ज्याच्या मानेवर दुसऱ्या कोणाचा पाय आहे तो भाऊ नजरेआड होतो.

ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही गोष्टी एकत्र धरते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयी परिपत्र काढले. कुटुंब हे राज्याच्या आधीचे आहे आणि खाजगी मालमत्ता हा माणसाचा हक्क आहे, असे त्यात सांगितले आहे. स्वातंत्र्यवादी इथवर आनंदाने मान डोलावतील. पण तेच परिपत्र म्हणते, की मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने करार केला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही, कामगाराचे पोट भरले पाहिजे. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी शिकवले, की लहान गटाला जे नीट करता येते ते मोठ्या सत्तेने हिसकावून घेऊ नये, आणि लहान गट कमी पडला तर मोठ्याने मदतीला यावे. ज्या विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी ॲक्टन झगडले, त्या धर्मस्वातंत्र्याला दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मानवी प्रतिष्ठेवर उभा असलेला हक्क म्हणून मान्यता दिली. त्याआधी ६३ वर्षे, १९०२ साली, ॲक्टन वारले होते.

तर तरुण मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. सरकारला मर्यादा असावी, असे मानणारा माणूस चांगला ख्रिस्ती असू शकतो. कोणी शपथ घालून म्हणू नये, की प्रभूने अमुक टक्के कर ठरवून दिला आहे. पण सरकार मागे हटल्यावर जी जागा मोकळी होते, तिथे कोण उभे राहणार हेही त्याला सांगता आले पाहिजे. विधवेची औषधे, शेजारच्या मुलाची फी, आजारी मजुराच्या घरचा शिधा, हे सरकारने करू नये असे म्हणणाऱ्याने स्वतःची पिशवी सोडली पाहिजे. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईला आपण ठरवू ती मजुरी, आपण देऊ ती रजा, अशी सत्ता आपल्याही हातात असते. ॲक्टन यांचे सौम्य नसलेले माप तिथेही लावून पाहा.

दयाळू प्रभू, सत्ता चालवणाऱ्यांना मर्यादेची जाण दे, आणि तू दिलेली मोकळीक आमच्या भावंडांच्या उपयोगी पडू दे. आमेन.